दोन बोटं

—मुका नाही हो मी, बाई! असं समजणाऱ्या तुम्हीच पहिल्या नाही. मागच्या महिन्यात एक नवा टपालवाला आला, तोही माझ्याशी बराच वेळ हातवारे करत बसला, आणि मीही करू दिले, बिचारा इतक्या मनापासून करत होता. तुम्हाला गाडी झाडाखाली लावा म्हणून हातानं सांगितलं ना, ती सवय. रविवारी हे पांढरे हातमोजे चढवले की तोंड आपोआप मिटतं. मॅटी, माझी बायको, म्हणायची, एल्झी, तू आठवडाभरच ते हातमोजे घालत जा. — नका, त्या पायरीवर नका बसू. आता ऊन येईल तिथं, आणि लाकूड असं तापतं की उठताना कातडी तिथंच ठेवून उठावं लागतं. ही खुर्ची घ्या. घ्या हो, माझीच आहे, पण मी बसत नाही, अशरनं दारात बसायचं नसतं. अशर म्हणजे दारावरचा माणूस, आल्यागेल्याला जागेवर नेऊन बसवणारा. अठ्ठावन्न वर्षं मी या न्यू शायलो चर्चच्या दारात उभा आहे. मिस्टर एल्झी म्हणा मला, इथं सगळे तसंच म्हणतात. गोरे नव्हते म्हणत — त्यांच्या लेखी माणूस साठीला टेकला तरी 'ए पोऱ्या'च — म्हणून आम्ही आपले एकमेकांना मिस्टर लावतो, अगदी रोज भांडणाऱ्या शेजाऱ्यालाही. तुम्ही लवकर आलात. प्रार्थना अकराला, नावं कोरलेल्या दगडाचा कार्यक्रम त्यानंतर. तो काय, रस्त्याच्या कडेला, निळ्या प्लास्टिकखाली. कुठल्या तुम्ही? — ओकलंड! अहो, देशाच्या त्या टोकाहून, एका दगडासाठी? पंखा घ्या तो. पुठ्ठ्याचाच आहे, अंत्यविधीवाल्यांनी वाटलाय, मागं त्यांची जाहिरात आहे ती वाचू नका, नुसता वारा घ्या.

हां, हाताचं विचारत होतात. भाषाच आहे ती. आत रेव्हरंड बोलत असतात, म्हाताऱ्या डोळे पुसत असतात, अशा वेळी अशरनं ओरडायचं का, की मागच्या बाकावर जागा आहे म्हणून? नाही. मग बोलायचं कसं? हातानं. एक बोट खांद्यापाशी असं वर केलं की एक जागा रिकामी. दोन बोटं, दोन जागा, दोघांना पाठव. तळवा पुढं केला की थांब. आणि छातीवर असा सपाट हात ठेवला की प्रार्थना चालू आहे, दार बंद — आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही, अवाक्षर काढायचं नाही, आणि मुख्य अशर स्वतःचा हात खाली घेत नाही तोवर जागचं हलायचं नाही. मग पाठीत कळ येवो, नाकावर माशी बसो. मी एकदा माशी बसवून घेतली होती, सबंध प्रार्थनाभर. तिचा आणि माझा चांगला परिचय झाला. — कुणी शिकवलं? होता आमचा एक मुख्य अशर. त्याच्याकडं येतोच मी, सावकाश. मी सगळं सावकाशच करतो, बाई, शाळेत गेलो नाही ना, घाई कशी करायची ते कुणी शिकवलंच नाही.

पासष्ट सालचंच ऐकायला आलात ना? सगळे तेच विचारतात, आणि मी सांगतो, आता माझ्याशिवाय सांगणारं कोण उरलंय? इथं कागदाचा कारखाना होता. दोन दारं, दोन नळ, गोऱ्यांचा वेगळा, आमचा वेगळा, पाणी एकाच टाकीतलं. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडून कॉलेजची पोरं आली, आमची नावं मतदार यादीत घालायला. सिस्टर ब्यूलाच्या घरी उतरली, चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो. झालं. दुसऱ्या आठवड्यात तिच्या खिडक्यांत छर्रे. शाळेचा शिपाई होता आमच्यातला एक, यादीत नाव घालून आला, तर त्याला रानात नेऊन चाबकानं असा फोडला की बायकोनं सदरा कापून काढला अंगावरचा. शेरीफकडं, म्हणजे इथल्या पोलिसांच्या मुख्याकडं, गेलो. शेरीफ काय म्हणाला असेल? म्हणाला, मेलं कुणी तर कळवा. आमचे तेव्हाचे रेव्हरंड फार साधू माणूस. म्हणायचे, दुसरा गाल पुढं करा. तर आमचा मुख्य अशर उठला आणि अगदी अदबीनं म्हणाला, रेव्हरंड, गाल देवानं दोनच दिलेत आणि आमचे दोन्ही संपले. — हसा, हसा, तेव्हा सगळं चर्च हसलं होतं, रेव्हरंडसुद्धा, आणि हसता हसता रडले.

मग आम्हीच पहारा बसवला. अकराजण, सगळे अशर. का अशर? कारण आम्ही एकमेकांना ओळखायचो, उभं राहायची सवय होती, आणि गप्प बसायची. बंदुका कुठं ठेवायच्या? गाणाऱ्यांच्या झग्यांच्या कपाटात, झग्यांमागं. सिस्टर ब्यूलाचं पिस्तूल तर तिच्या हातातल्या पिशवीत, भजनांच्या पुस्तकाखाली, पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी. पोरं गोळी मागायला आली की आधी चाचपून बघायची बिचारी, कुठली गोळी हाताला लागतेय ते. आणि बोलायचं कसं एकमेकांशी? फोनवर? फोनवरची बाई गोरी, सगळं ऐकायची, तिचा नवरा शेरीफच्या पंगतीतला. तेव्हा ठरलं, आपली हातांची भाषा आहेच की. दारापासून फाटकापर्यंत, फाटकापासून वळणापर्यंत, एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर निरोप जायचा. खुणा त्याच, अर्थ फक्त फिरवला. बोटं वर केली की तितकी बंदूकवाली माणसं येतायत. तळवा, गोळी झाडू नका. गोऱ्या माणसाला काय दिसणार? पांढऱ्या हातमोज्यातला एक काळा माणूस दारात उभा, बायाबापड्यांना जागा दाखवतोय! त्यांच्या नाकासमोर आम्ही बोलत होतो, बाई. सांगतो तुम्हाला, जून ते ऑगस्ट, आमच्या वस्तीतलं एक घर जळलं नाही. एक नाही. मी बावीस वर्षांचा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून झोपलो — म्हणजे, झोपताना मान काय वर होते का, पण कळलं ना तुम्हाला.

मग तो बुधवार. बुधवारची प्रार्थना सभा, दिवस नुकता मावळत होता. रस्त्यावर एक पिकअप येऊन उभी राहिली, दोन गोरे आत, मागच्या काचेला बंदूक टांगलेली. मी दारातून खूण केली. फाटकाजवळच्या पिकानच्या झाडाखाली आमचा माणूस होता, त्यानं झाडली. एकाला लागली, वेड कोलमन नाव त्याचं, तिसऱ्या दिवशी गेला. आमच्या माणसाला धरून नेलं, आणि त्याला हवं तितकं मारलं तरी त्यानं दहाजणांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही. झालं, एवढंच. ते दहाजण आता त्या दगडावर आहेत. माझं नाव शेवटी, आडनावाच्या अक्षरानं लावलीत ना, टारव्हर. — त्याचं? नाही. त्याचं नाव नाही दगडावर. रस्त्याकडेची जागा सरकारी, नियम आहे म्हणे, खुनाचा गुन्हा शाबीत झालेल्याचं नाव लावता येत नाही. मी बोललो होतो समितीला. म्हणजे, बोलणार होतो. पर्विस नाव त्याचं. पर्विस ओडम. असा उंच, हसला की —

काय म्हणालात?

परत म्हणा.

थांबा. थांबा जरा. — आयोलाच्या पोटात होतीस तू. आयोला ओडमची, पर्विसची पोर. निकालानंतर चार दिवसांत बसनं गेली ती, पोट एवढं पुढं, हातात एक पेटी, आणि मी… मी कारखान्याच्या फाटकातून बघितली तिला जाताना. व्हर्लीन. हो, नाव ठरलेलं होतं, मुलगी झाली तर व्हर्लीन, पर्विसनं झाडाखालीच सांगितलं होतं मला. अगं, मग आल्या आल्या सांगायचं नाहीस का? मी मघापासून 'तुम्ही' 'तुम्ही' करतोय, गालाबिलाच्या गोष्टी सांगतोय, तुझ्या बापाच्या गोष्टी तुलाच! कपाळ बघ, त्याचंच. आई कशी आहे? — हं. कधी? — तीन वर्षं झाली. आणि मला कुणी… बरोबर आहे, मला कोण कळवणार. कधी काही बोलली का माझ्याबद्दल? — काहीच नाही? नावसुद्धा नाही? हं. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, पोरी.

हे काय काढतेयस? मला वाचता येत नाही नीट, तू वाच. — सावकाश वाच. — माफी मंडळ. मेलेल्याला माफी देतात का? आता देतात? आणि गुरुवारी बसणार आहे ते मंडळ. आणि त्यांना एक जिवंत साक्षीदार हवाय. बघ ना, पंचावन्न वर्षं जिवंत साक्षीदार कुणाला नको होता, आता हवाय. काय लिहिलंय, मी काय बघितलं असं लिहिलंय? — 'दोन सशस्त्र इसमांकडून सभेला धोका असल्याची खूण मी पर्विस ओडम यांस केली, व त्यावरून त्यांनी संरक्षणासाठी गोळी झाडली.' हं. वकील हुशार आहे तुझा. दबा धरून ठार मारलं असं म्हणाले होते ना कोर्टात, त्यावर हे उत्तर. एवढी सही मिळाली की त्याचं नाव सुटेल, आणि दगडावरही येईल म्हणतेस.

नाही.

नाही गं पोरी, रागावू नकोस, ऐक. आज इथं माणसं यायचीत. दहा घरांतली पोरं, नातवंडं, शिकागोहून, डेट्रॉइटहून, नव्या टोप्या घालून. त्यांना काय सांगितलंय आयुष्यभर? की आमचे आजोबा गप्प राहिले. पर्विसनं यांची नावं घेतली नाहीत, यांनी वस्तीचं नाव घेतलं नाही. तेवढीच इस्टेट आहे त्यांची. आणि हा कागद गेला की पेपरवाले येणार, उकरणार, खूण कुणी केली, काय केली, कधी केली, ते दोघे खरंच कोण होते. आणि मला विचारणार, मिस्टर टारव्हर, तुम्ही काय बघितलंत? आणि मी तर बघितलंच नव्हतं त्यांना, मी जागा मोजत होतो, मी —

…

उन्हामुळं. उन्हामुळं काहीतरी बोलून जातो मी.

बघू नकोस असं. तुझा बाप असाच बघायचा, काही न बोलता, आणि समोरचा आपला सगळं ओकून मोकळा. ऐकायचंय तुला? काय करणार आहेस ऐकून? — बरं. बरं. आमचा एक नियम होता. दिवसा उजेडी बोटांचा अर्थ चर्चचा, आणि दारावरचा हा दिवा लागला की पहाऱ्याचा. पर्विसनंच केलेला नियम, किती सोपा बघ, पोरालाही कळावा. दिवा नाही, दोन बोटं, म्हणजे दोन जागा. दिवा आहे, दोन बोटं, म्हणजे दोन बंदुका. आणि त्या बुधवारी आभाळ भरून आलं होतं, आणि सिस्टर हॅटी होती आमच्याकडं, डोळ्यांत फूल पडलेलं, तिला पायऱ्या दिसेनात. म्हणाली, एल्झी बाळा, जरा उजेड कर रे. मी दिवा लावला. ती चढली, आत गेली. दिवा मालवायचा मी विसरलो. एवढंच. हात वर करून एक खटका खाली ओढायचा, तेवढा विसरलो. मग आतून मला दोन बोटं दिसली, मागच्या बाकावर दोन जागा. फाटकाशी दोघी बहिणी उभ्या होत्या, उशिरा आलेल्या, पर्विस त्यांना पाठवायचा थांबलेला. माझी पाठ रस्त्याकडं, तोंड आत, गाणं चालू होतं, मला ते गाणं फार आवडायचं — आणि मी न वळता हात मागं करून दोन बोटं वर केली. दोघींना पाठव. एवढंच म्हणालो मी त्याला, पोरी. दोघींना पाठव. आणि नेमकी त्याच घटकेला ती पिकअप येऊन थांबलेली. मी तर गाडीचा आवाजसुद्धा गाण्यात ऐकला नाही, गोळीचाच ऐकला.

ते कोण होते? तेच तर! देवाला माहीत. बंदूक होती काचेला. पण बंदूक इथं कुणाच्या पिकअपला नसते? नंतर बघितलं तर गाडीच्या तोंडातून वाफ निघत होती, पाणी आटलेलं. कदाचित पाणी मागायलाच थांबले असतील. आणि कदाचित वाफ निघत असतानाच चर्चवर झाडायलाही आले असतील, दोन्ही होऊ शकतं ना, पापी माणसाच्या गाडीतलंही पाणी आटतं. गाडीतला दुसरा कोलमनचा भाऊ, त्यानं कोर्टात सांगितलं, आम्ही मासे धरून घरी चाललो होतो. मासे कुणी बघितले नाहीत. आणि त्या उन्हाळ्यात थांबलेल्या पिकअपकडं बघून, आधी विचारू या, भाऊ तुला तहान लागलीय का, असं म्हणायची सोय आम्हाला कुणी ठेवली होती? तुझ्या बापानं दिवा बघितला, बोटं बघितली, गाडी बघितली. त्याची एक गोष्ट चुकली नाही. एकही नाही. चुकलो तो मी.

मग का नाही बोललास, असंच ना? विचार की तोंडानं. बोललो असतो तर काय सांगावं लागलं असतं? की ही खूण होती. कसली खूण? पहाऱ्याची. कुणाचा पहारा? त्या सरकारी वकिलाला तेच हवं होतं, पर्विस एकटा त्याला नकोच होता, त्याला अख्खी टोळी हवी होती, तो कोर्टात तोच शब्द वापरायचा, टोळी. मी तोंड उघडलं असतं तर अकरा माणसं गेली असती, अकरा घरं. आणि हे काही मी एकट्यानं नाही ठरवलं. त्यानंच सांगितलं मला. तुझ्या बापानंच! हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. कोर्टात आम्हाला वर सज्जात बसवायचे, माडीवर, खाली गोरे. त्याचा वकील सरकारनं दिलेला, नखं कुरतडत बसायचा. तर शेवटच्या दिवशी जज्जानं विचारलं, या माणसाच्या बाजूनं बोलणारं कुणी आहे का? आणि सज्जाकडं बघितलं. सगळा सज्जा खाली बघायला लागला, जसे काही सगळ्यांचे बूट हरवलेत. मी नाही बघितलं खाली. मी पर्विसकडं बघितलं. आणि त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, चाळीस माणसांतून बरोबर माझ्याकडं, आणि हात छातीवर ठेवला. असा. सपाट. प्रार्थना चालू आहे, दार बंद, अवाक्षर काढायचं नाही. तो मुख्य अशर होता, पोरी, आणि मी त्याच्या हाताखालचा. त्यानं हात खाली घेतल्याशिवाय मी कसा हलणार? बसलो. तेव्हापासून बसलोय. तो अकरा वर्षांनी तिथंच गेला, तुरुंगात, मग मला आता हल म्हणून सांगायलाही कुणी उरलं नाही. मॅटीला सांगितलं नाही. रेव्हरंडला नाही. चाळीस वर्षं एका बिछान्यावर झोपलेल्या बायकोला नाही सांगितलं, तिच्या मरणाच्या दिवशीसुद्धा ती म्हणाली, एल्झी, तुझ्या पोटात काहीतरी आहे ते काढून टाक, आणि मी म्हणालो, गॅस आहे.

काय? — कुठला हात, म्हणजे? छातीवरचा. — उजवा, दुसरा कुठला असणार, खुणेचा हात उजवाच असतो, डावा पाठीमागं, हे बघ, असा. डावा पाठीशी, उजवा छातीवर. तुला कुणी सांगितलं डाव्या-उजव्याचं? — आई तिकडं अशर होती? आयोला? ओकलंडमध्ये? तरीच. हो, आयोला शिकली असणार, त्याच्याकडूनच. तर उजवा. मला चांगलं आठवतं, त्यानं असा मान वळवून, त्याच्या उजव्या बाजूला शेरीफचा तो जाडा डेप्युटी बसलेला, दोघांना मिळून एकच साखळी, डेप्युटी जरा ओढायचा आणि पर्विसचं मनगट टेबलावर आपटायचं, ठक् असं, सज्जापर्यंत ऐकू यायचं, उजवं मनग—

…

बरगड्या मोडल्या होत्या ना त्याच्या? म्हटलं होतं कुणीतरी. दुखत असेल. माणूस हात लावतोच की दुखऱ्या जागी. कुठलाही हात लावतो.

नाही. नाही, दुखण्याचं नव्हतं ते. दुखणाऱ्या माणसाचे डोळे आत वळलेले असतात. तो माझ्याकडं बघत होता.

तुला माहीत आहे डाव्या हाताचा अर्थ. आईनं शिकवलाय, मग मला कशाला बोलायला लावतेस? — मीच म्हणू? बरं. डावा हात छातीवर ठेवला… डावा ठेवला की अशर म्हणत असतो, माझ्यानं आता उभं राहवत नाही. कुणीतरी या. माझ्या जागी या. चक्कर येते ना उन्हाळ्यात एखाद्याला, त्याच्यासाठी ठेवलेली खूण. मी वर्षातून दहादा बघतो ती. बघितली की दुसरा लगेच जातो, धावत नाही, पण लगेच जातो.

आणि मी बसून राहिलो. मला माहीत नव्हतं असं म्हणू का तुला? म्हणता येतं. पंचावन्न वर्षं मला तो हात आठवतो, तेव्हा तो उजवा असतो, देवाशपथ उजवाच असतो, आणि साखळीही आठवते, ती ठक्-ठक्ही आठवते. पण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कधी आठवल्या नाहीत. माणूस किती खोल्या करून ठेवतो बघ डोक्यात, आणि मधली दारं सगळी लावून घेतो. मला भीती वाटत होती, पोरी. अकरा घरांची नाही. माझी. बावीस वर्षांचा होतो, मॅटीशी बोलणं ठरत होतं, आणि मला त्या तुरुंगाची भीती वाटत होती. ते दहाजण मी नंतर आणले, आडोशाला.

आण तो कागद. आण म्हणतोय ना. खुर्ची दे इकडं, बसतो मी, बघू दे कुणी बघतंय तर. पण हे बदल, हे वाक्य. मी धोक्याची खूण केली असं नाही, ते खोटं आहे. लिही, दिवा मी लावला होता आणि मालवायचा विसरलो. लिही, दोन बोटं मी जागेसाठी केली आणि त्यानं नियमानं वाचली. लिही, कोर्टात विचारलं तेव्हा मी होतो. — वकील काय म्हणेल ते म्हणेल. खरं लिहिलं तरी तो सुटतोच ना? सुटतो. मग लिही. — झालं? कुठं करायची सही, इथं? हातमोजा काढू दे. नाव लिहायला तुझ्या बापानंच शिकवलं मला, मतदार यादीसाठी, तुमच्या स्वयंपाकघरात, तुझी आई मक्याचा पाव भाजत होती. मधलं ते अक्षर मी उलटं काढायचो, अजून काढतो. — हे घे. वाचता येतंय ना? बस. घडी कर आणि पिशवीत ठेव, खाली, पुस्तकाखाली.

आभार नको मानूस. अजिबात नको. तुझ्या बापाला सोडवायला निघालीस, त्याला सोडव. गुरुवारी ने तो. पण आज नाही, व्हर्लीन. एवढं माझं ऐक. आज कुणाला दाखवू नकोस. त्या निळ्या प्लास्टिकची दोरी मलाच ओढायचीय, लहान पोरं टाळ्या वाजवणार आहेत, शाळेत गाणं बसवलंय त्यांच्याकडून. मी सांगेन त्यांना. सांगेन ना. आज प्रार्थना झाल्यावर — नाही, आज नाही, पुढच्या रविवारी, तू गेल्यावर, सावकाश एकेकाला — बघतेस काय अशी? अगं, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे —

गाडी आली. उतरतायत. ती ब्यूलाची नात, तिची पोरं. डोळे पूस. पूस लवकर. उठू दे मला, हातमोजा कुठं गेला माझा — हां.

या, या, गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग! काय टोपी आहे, वा, आजी असती तर तिनं तुझ्याकडून मागून घेतली असती! — कोण, ह्या? नाही गं, ओळखीच्या नाहीत. बाहेरगावच्या आहेत, दगड बघायला आल्यात. — तुम्ही आत चला, बाई. शेवटच्या बाकावर जागा आहे. चला, चला, दारात उभं राहू नका.